पेढे वाटण्याआधी: नवी गाडी घेताना शोरूममध्ये होणाऱ्या चुका

मामांनी दसऱ्याला गाडी घेतली. शोरूममध्ये आम्ही नऊ जण. मामीच्या हातात औक्षणाचं तबक, बॉनेटवर झेंडूचा हार, आणि शोरूमचा पोरगा मोबाइलवर व्हिडिओ काढतोय. गाडीभोवती चक्कर मारताना मामा मागच्या डाव्या दाराशी थबकले. हँडलखाली नखाएवढा ओरखडा. "सर, पॉलिशमध्ये जाईल, पहिल्या सर्व्हिसिंगला करून देतो," सेल्समन म्हणाला. मुहूर्त टळत होता. नारळ फुटला, पेढे वाटले, गाडी घरी आली.

दिवाळीनंतर पार्किंगमध्ये त्याच दाराला कुणाची तरी स्कूटर घासली, म्हणून मामा डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेले. त्याने दारावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे दार आधी रंगवलंय का?" कडेचं रबर उचलून त्याने रंग थांबल्याची रेघ दाखवली. गाडी विकण्याआधीच कुठेतरी घासली होती आणि गुपचूप रंगवून नवी म्हणून हातात दिली होती.

ऐकणारे म्हणतात, नीट बघून घ्यायची ना! मामांनी बघितली होती. फक्त चुकीच्या दिवशी.

तपासणी पूजेच्या दिवशी करू नका

ताबा मिळतो त्या दिवशी पैसे पूर्ण भरलेले असतात, विमा निघालेला असतो, पासिंग म्हणजे आरटीओतली नोंदणी होऊन नंबर प्लेट लागलेली असते. गाडी कागदोपत्री तुमची झालेली असते. एकदा तुमच्या नावावर नोंद झाली की डीलरला ती दुसऱ्या कुणाला नवी म्हणून विकता येत नाही, मग तो बदलून कशाला देईल? शिवाय घरची मंडळी हार घेऊन उभी असताना भांडायला तोंड तरी कुणाचं उघडतं.

क्रम असा ठेवा: टोकन, चॅसी नंबरसकट (गाडीच्या सांगाड्यावरचा नंबर) अलॉटमेंट, म्हणजे नेमकी कोणती गाडी तुमची ते कागदावर, यार्डात (डीलर गाड्या ठेवतो तिथे) तपासणी, मग उरलेले पैसे, विमा, पासिंग, आणि पूजा अगदी शेवटी. टोकन देण्याआधीच सांगा, "पासिंगच्या आधी मी यार्डात येऊन गाडी बघणार," आणि ते बुकिंग फॉर्मवर लिहून घ्या. नाही म्हणाले तर चहा पिऊन उठा, पैसे अजून तुमच्याच खिशात आहेत. कर्ज असेल तर बँकेलाही सांगून ठेवा की मी कळवल्याशिवाय डीलरकडे रक्कम सोडू नका. हे बहुतेक जण विसरतात आणि बँकेचा माणूस तत्परतेने पैसे पाठवून मोकळा होतो.

यार्डात दुपारी जा, उन्हात. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात. चॅसी नंबर अलॉटमेंटच्या कागदाशी अक्षर न अक्षर जुळवा. टायरच्या कडेला चार आकडे असतात: ३२२५ म्हणजे २०२५ सालचा ३२वा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी साधारण एकाच सुमाराची हवीत. एकच टायर वेगळं निघालं तर का ते विचारा. दारांची रबरं उचलून आतल्या कडा बघा, बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालाय का बघा. पावसाळ्यात गाड्या उघड्या यार्डात उभ्या असतात, म्हणून मॅट उचलून कार्पेटला नाक लावा. कुबट वास आला तर ती गाडी नको. काचा खाली-वर, एसी, जॅक-पाना, किलोमीटरचा आकडा. अर्धा तास जातो. सोबतचा माणूस घड्याळ बघेल, बघू द्या.

"ऑन-रोड किती?" एवढंच विचारणं

ऑन-रोड म्हणजे कर, विमा सगळं धरून. अशी एकच बेरीज सांगितली की तिच्या पोटात काहीही मावतं. ओळवार कोटेशन मागा, शिक्क्यासह.

एक्स-शोरूम किमतीत (रस्ता कर आणि विम्याआधीची किंमत) जीएसटी आलेला असतो. रस्ता कर सरकारी आहे, त्यात घासाघीस नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के. गाडी १० लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएस (डीलरने तुमच्याकडून आगाऊ घ्यायचा आयकर) लागतो. तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो, फक्त बिलावर पॅन बरोबर हवा.

राहिल्या त्या मजेशीर ओळी. 'हँडलिंग चार्जेस' किंवा 'लॉजिस्टिक्स': गाडी शोरूमपर्यंत आणणं हा डीलरचा धंदा आहे, त्याचे वेगळे पैसे तुम्ही का द्यायचे? 'एसेन्शियल किट' म्हणजे मॅट, मडफ्लॅप, सुगंधाची बाटली आणि डॅशबोर्डवरचा गणपती. माझ्या कोटेशनमध्ये याचे साडेचौदा हजार होते. "सर, हे सगळेच घेतात." मी म्हटलं, गणपती घरात आहे. ओळ खोडली गेली. एक्स्टेंडेड वॉरंटी चांगली गोष्ट आहे, पण ती त्याच दिवशी घ्यायची सक्ती नसते.

सवलत मागायची तर तिचीही फोड मागा: रोख सवलत, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट. शेवटची मिळायला बऱ्याचदा ऑफिसचं ओळखपत्र पुरतं, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पाडव्याला-दसऱ्याला गर्दी असते, तेव्हा सेल्समनला तुमची गरज नसते. पितृपंधरवड्यात हेच शोरूम ओस पडलेलं असतं. तेव्हा सौदा पक्का करून ताबा दसऱ्याला घ्या, पितरही खूश आणि खिसाही.

विमा डीलरकडचाच, हा समज

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. २०१८च्या सप्टेंबरपासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा, सक्तीचा आहे. त्याचा दर कुठेही गेलात तरी तोच. फरक पडतो तो स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि झिरो डेपसारख्या (सुट्या भागांची झीज वजा न करता भरपाई) जोडण्यांत. तिथे बाहेरचं कोटेशन काढाच. तुलना करताना आयडीव्ही (गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर मिळणारी रक्कम) सारखा आहे ना ते पाहा. नव्या गाडीला तो साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असतो. तो खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवता येतो.

"बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही," हे हमखास ऐकू येतं. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने थेट गॅरेजला देणं, ठरतं ते विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्या करारावर. कंपनीची गॅरेजांची यादी उघडून तुमचं सर्व्हिस सेंटर त्यात आहे का ते सेल्समनसमोरच बघा. बाहेरच्या विम्यासाठी चॅसी आणि इंजिन नंबर लागतो. तो द्यायला टाळाटाळ झाली तर गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, डीलरला सीसीत ठेवून. माझ्या वेळी दुसऱ्याच दिवशी डीलरचाच हप्ता नऊ हजारांनी उतरला. मी तोच घेतला, मला काही वैर नव्हतं.

जुनी गाडी देऊन नवी घेताय? जुन्या गाडीवरचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसून तुमचा असतो, ५० टक्क्यांपर्यंत. जुन्या विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या आणि नव्या पॉलिसीत लावा. जुनी गाडी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत पाठ सोडू नका. आरसीवर ज्याचं नाव, त्याच्यावर अपघाताची भरपाई येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलंय.

चूक होऊन गेली असेल तर

टोकन सेल्समनच्या वैयक्तिक यूपीआयवर गेलं असेल तर आजच फर्मच्या नावाची पावती मागा. पुढचे पैसे फक्त फर्मच्या खात्यात.

नंबर प्लेट लागायची बाकी आहे आणि "मुहूर्त आहे, घेऊन जा" म्हणतात? नेऊ नका. वाटेत काही झालं तर विमा कंपनी आधी नोंदणीच विचारते.

ताब्यानंतर खोट सापडली तर फोनवर बोलत बसू नका. त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा आणि डीलर व कंपनी दोघांना लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. मामांकडे लेखी काहीच नव्हतं, होता तो शोरूमच्या पोराने काढलेला व्हिडिओ. त्यात मामा दाराकडे बोट दाखवताना दिसतात आणि सेल्समन "करून देतो" म्हणताना स्वच्छ ऐकू येतं. तो पाठवल्यावर डीलरने दार कंपनीच्या रंगात पुन्हा करून दिलं आणि पहिली सर्व्हिसिंग फुकट. गाडी मात्र तीच राहिली.