लिंबूटिंबू संघाची विनोदी पटकथा लिहिताना

आमच्या पटकथेच्या वर्गात खेळावरचा विनोदी सिनेमा लिहायला घेतला की बहुतेक मुलं शेवटापासून सुरुवात करतात: शेवटच्या चेंडूवर षटकार आणि लिंबूटिंबू संघ विजयी. तो शेवट मी बाजूला ठेवायला लावते. आधी तुमच्या माणसाची मान नेमकी कशामुळे खाली गेली, ते एका वाक्यात लिहा. ते जमेपर्यंत सामना लिहायचा नाही.

मग आम्ही ‘कूल रनिंग्ज’ (१९९३) बघतो. बर्फ न पडणाऱ्या जमैकाचा बॉबस्लेड (बर्फाच्या वळणदार उतारावरून घसरगाडीची शर्यत) संघ १९८८ च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकला जातो, ही त्याची गोष्ट. त्यात दोन वेगवेगळे डाग आहेत. धावण्याच्या निवड शर्यतीत ज्युनियर अडखळतो आणि डेरीस व युल या धावपटूंनाही घेऊन पडतो, तो अपघात; पुढे हे तिघं बॉबस्लेडकडे वळतात. त्यांचा प्रशिक्षक अर्व्ह याने मात्र स्वतः खेळाडू असताना, १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये, स्लेडमध्ये चोरून वजन घातलेलं असतं, ते पाप. अपघाताला दुसरी संधी पुरते. पापाला पुरत नाही, तिथे माणसाला तोंड दाखवावं लागतं. म्हणून अर्व्ह अधिकाऱ्यांसमोर उभा राहून ‘माझ्या चुकीची शिक्षा या पोरांना देऊ नका’ अशा अर्थाचं बोलतो, तो प्रसंग मला शर्यतींपेक्षा मोलाचा वाटतो. तुमच्या पटकथेत असा प्रसंग अंतिम सामन्याच्या आधी यायलाच हवा, आणि त्यात एकही विनोद नको.

विनोद तयारीत पेरा. थंडीची सवय व्हावी म्हणून संघातला चौथा, सान्का, आइस्क्रीमच्या गाडीत बसतो. चौघं एकामागोमाग बाथटबमध्ये बसून वळणांचा सराव करतात. हसू येतं, कारण ते अगदी मनापासून करत असतात. पात्राला आपण विनोदी आहोत हे कळलं की तो प्रसंग फाडा. गरिबी, रंग, उच्चार यांवर हशा काढणारी ओळ तर मी लगेच खोडायला लावते.

मधल्या भागात संघाला एकदा दुसऱ्याची नक्कल करू द्या. डेरीस स्विस संघासारखे जर्मन आकडे मोजतो आणि जमैका तळाला जाते. दुसऱ्या दिवशी ते आपल्या तालात धावतात आणि आठवे येतात. ही भर लेखकाची. खऱ्या स्पर्धेत असं घडलं नव्हतं.

शेवटाबद्दल सविस्तर सांगते. कॅल्गरीत चौघांची स्लेड तिसऱ्या फेरीत खरंच उलटली आणि खेळाडू तिच्या शेजारून चालत अंतिम रेषेपर्यंत गेले. सिनेमात ते ती खांद्यावर घेतात. सिनेमा अपघाताचा दोष स्लेडच्या बिघाडावर टाकतो, प्रत्यक्षात चालकाचा अनुभव तोकडा पडला होता. मला खरं कारण जास्त आवडतं. तुमच्या संघाला स्वतःच्या कच्चेपणामुळे हरू द्या. ‘द बॅड न्यूज बेअर्स’ (१९७६) या सिनेमातला पोरांचा बेसबॉल संघही अंतिम सामना ७–६ ने हरतो, पण त्याआधी प्रशिक्षक बाकावरच्या पोरांना मैदानात उतरवतो. निर्णय तिथेच होऊन गेलेला असतो.

मसुदा झाला की निकालाचं पान काढून कुणाला तरी वाचायला द्या. ‘जिंकले का?’ एवढंच विचारलं, तर मधले प्रसंग पुन्हा लिहायला बसा.