मधल्या फळीतून डगआउटकडे: शिन ते-योंग यांची कारकीर्द कशी वाचावी

फुटबॉल प्रशिक्षक व्हायचं मनात आहे आणि आजवर मधल्या फळीत खेळलात, तर युरोपातल्या बड्या नावांच्या मागे लागण्याआधी एका कोरियन माणसाची कारकीर्द तारखांसकट समोर मांडून बसा. शिन ते-योंग. ही वाट आशियातली आहे, आपल्याच एएफसीच्या, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाच्या, चौकटीतली आहे. शिवाय तिच्यात चढ जेवढे आहेत तेवढेच उतारही आहेत, आणि शिकायला उतारच जास्त उपयोगी पडतात.

खेळाडू म्हणून नोंद थोडक्यात अशी. 1992 साली इल्ह्वा चुनमा या क्लबात पदार्पण (पुढे हाच क्लब सोंगनामला गेला) आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा मान. 1995 आणि 2001 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. 1996 मध्ये मधल्या फळीत खेळूनही लीगमध्ये सर्वाधिक गोल. के लीगमध्ये, म्हणजे कोरियाच्या मुख्य लीगमध्ये, 401 सामने, 99 गोल, 68 असिस्ट, सहा विजेतेपदं. आणि तरीही खेळाडू म्हणून एकही विश्वचषक नाही. विश्वचषक खेळायला मिळाला नाही म्हणून प्रशिक्षणाचं दार बंद झालं असं मानणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. दार बंद होत नाही. पण नुसत्या नावावर उघडतही नाही.

2005 मध्ये ते ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड रोअरकडे खेळायला गेले, दुखापतीमुळे खेळ संपला, तिथेच साहाय्यक प्रशिक्षक झाले. मायदेशात ज्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, त्यांनी परक्या भाषेत आणि परक्या लीगमध्ये दुय्यम काम केलं. माझं ठाम मत आहे की पहिली दोन-तीन वर्षं ओळखीच्या क्लबात काढू नयेत. तिथे तुमचे जुने सहकारी तुमचं ऐकतात ते तुमच्या खेळाच्या आठवणीमुळे, आणि आपल्याला शिकवता येतं असा गैरसमज घट्ट होतो. अनोळखी मुलांसमोर सत्र फसलं की ते फसलं हे लगेच कळतं.

2009 मध्ये सोंगनामने त्यांना आधी हंगामी प्रशिक्षक नेमलं. त्या मोसमाच्या प्ले-ऑफमध्ये लाल कार्ड मिळाल्यावर त्यांनी प्रेक्षागारातून वॉकीटॉकीवर संघ चालवला आणि संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. किस्सा म्हणून हे सगळे सांगतात. नवख्याने त्यातलं काम बघावं. वॉकीटॉकीवर लांब वाक्य चालत नाही. कोणी, कुठे, कधी, एवढंच पोचतं. बाजूरेषेवरून ओरडतानाही हेच खरं आहे. "जरा वर खेळा" ही सूचना नव्हे. "उजवा बॅक, त्यांच्या गोलकीकला, मध्यरेषेपर्यंत" ही सूचना. मध्यंतराचंही तसंच. 15 मिनिटं कागदावर असतात. चालत येणं, पाणी, फिजिओ आणि परत बाहेर जाणं वजा केलं की बोलायला पाचेक मिनिटं उरतात. त्यात दोन मुद्दे बसतात, तिसरा कोणी ऐकत नाही.

2010 च्या नोव्हेंबरात टोकियोमध्ये सोंगनामने इराणच्या झोब आहानला 3-1 हरवून एएफसी चॅम्पियन्स लीग जिंकली. 1995 मध्ये याच क्लबाकडून खेळाडू म्हणून आशियाई विजेतेपद, आता प्रशिक्षक म्हणून. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. पण 2012 मध्ये संघ लीगच्या खालच्या अर्ध्या गटात घसरला आणि वर्षअखेर त्यांनी पद सोडलं. 2014 मध्ये ते कोरियाच्या राष्ट्रीय संघात मुख्य प्रशिक्षक स्टीलिके यांचे साहाय्यक झाले. आशियाई विजेता मुख्य प्रशिक्षक पुन्हा साहाय्यकाच्या खुर्चीत. हे पाऊल मागे घेतलं नसतं तर 2016 चा ऑलिंपिक संघ, 20 वर्षांखालचा संघ आणि मग 2017 च्या जुलैत मुख्य संघ ही साखळी जुळणं कठीण होतं. पदाच्या नावावर अडून बसू नका.

आता खरा खड्डा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण मधल्या फळीतून आलेले बहुतेक जण यातच पडतात, आणि पडल्याचं त्यांना उशिरा कळतं.

मधल्या फळीतल्या खेळाडूला सवय असते ती सुचण्याची. चेंडू येण्याआधी मान वळवायची, पर्याय दिसला की अर्ध्या सेकंदात डाव बदलायचा. शिन यांना कोरियात मैदानावरचा कोल्हा म्हणत ते याचसाठी. प्रशिक्षक झाल्यावरही सुचत राहतं. पण आता तुम्हाला सुचलेलं अकरा जणांच्या पायात उतरावं लागतं, आणि त्याला सराव लागतो. सुचणं आणि संघाला जमणं यांच्यातलं अंतर सत्रांत मोजायचं असतं.

2018 चा विश्वचषक बघा. 2017 च्या नोव्हेंबरात सुवॉनमध्ये कोरियाने कोलंबियाला 2-1 हरवलं ते 4-4-2 मध्ये: सोन ह्युंग-मिन पुढे, मागे चार-चारच्या दोन घट्ट ओळी. विश्वचषकाआधी मात्र लपवाछपवी सुरू झाली. सराव सामन्यात जर्सीचे क्रमांक अदलाबदल केले, बोलिव्हियाविरुद्धची आघाडीची जोडी ही हूल असल्याचं सांगितलं. 18 जूनला स्वीडनसमोर संघ उतरला 4-3-3 मध्ये, म्हणजे आघाडीवर तिघे, मधोमध उंचापुरा किम शिन-उक, सोन डाव्या कडेला. निकाल 0-1, आणि पूर्ण सामन्यात गोलच्या चौकटीत एकही फटका नाही.

कारण समजून घ्या. 4-3-3 मध्ये कडेचा आघाडीवीर समोरच्या बॅकच्या मागे धावत आपल्याच पेनल्टी क्षेत्राजवळ येतो. चेंडू मिळतो तेव्हा त्याच्यासमोर 60-70 मीटर मैदान असतं. मधला उंच खेळाडू हेडरने चेंडू खाली घेतो, पण तो उचलायला जवळ कोणी नसतं. ही रचना वाईट नाही. चेंडू पडण्याआधी मधल्या फळीतल्या दोघांनी किती पुढे निघायचं हे सरावाने अंगात मुरावं लागतं, आणि गुपित राखायचं म्हटलं की सरावच कमी पडतो. प्रतिस्पर्ध्यापासून लपवलेली गोष्ट अर्धी आपल्या खेळाडूंपासूनही लपते.

मेक्सिकोविरुद्ध 4-4-2 परत आलं. सामना 1-2 हरला, पण संघ खेळताना दिसला. 27 जूनला कझानमध्ये जर्मनीला 2-0 हरवलं तेही याच रचनेत. मधल्या फळीतला ‘की सोंग-योंग’ जखमी होता, त्याच्या जागेच्या अडचणीत बचावफळीतल्या जांग ह्युन-सूला मधल्या फळीत आणलं. म्हणजे बदल तिथेही होताच. पण माणूस बदलला, ओळींमधली अंतरं तीच राहिली. दुसरा गोल आठवा: पुढे आलेल्या जर्मन गोलरक्षक नॉयरकडून जू से-जोंगने चेंडू काढून न बघताच लांब मारला, कारण सोन कुठे धावणार हे ठाऊक होतं.

यात शिन यांच्यावर अन्याय नको. किम मिन-जे, क्वोन चांग-हून, ली गुन-हो, किम जिन-सू हे स्पर्धेआधीच दुखापतीने बाहेर होते. डाव बदलणं काही अंशी भागच होतं. म्हणूनच तुमच्याकडे मुरलेली एक रचना असली पाहिजे, अडचणीत परत यायला.

नवी रचना आणायची तर माझा क्रम असा: पहिलं सत्र प्रतिस्पर्धी नसताना, चालत, 20 मिनिटं, फक्त अंतरं. दुसरं सत्र अर्ध्या मैदानात आठास आठ. तिसरं पूर्ण मैदानात अकरास अकरा. दोन ओळींमध्ये 10-12 मीटर, पहिल्या माणसापासून शेवटच्या बॅकपर्यंत 30 मीटरच्या आत. मोजून बघा, शंकू ठेवा. मग एक मैत्रीपूर्ण सामना, मग व्हिडिओ. सामन्याच्या आधीच्या 48 तासांत फक्त कॉर्नर आणि फ्री किक. नवं काही नाही, कितीही भारी सुचलं तरी.

आणि आघाडीवर असताना काय करायचं हेही आधीच ठरवा. 2016 च्या जानेवारीत दोहामध्ये 23 वर्षांखालच्या आशियाई अंतिम सामन्यात शिन यांचा संघ जपानविरुद्ध 2-0 पुढे होता. 67 ते 81 या मिनिटांत तीन गोल खाल्ले. आक्रमक खेळाचा आग्रह मलाही आवडतो. पण 2-0 झाल्यावर कोण मागे थांबणार ते फळ्यावर सामन्याआधी लिहिलेलं हवं.

इंडोनेशियातला काळ सर्वांत मोठा धडा आहे असं मला वाटतं. 2019 च्या शेवटी ते तिथल्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून गेले तेव्हा संघ फिफा क्रमवारीत 173 वा होता. डावपेचांआधी त्यांनी धावण्याची क्षमता आणि ताटातलं तळलेलं अन्न यांना हात घातला. सगळं दुभाष्यामार्फत. 2024 मध्ये इंडोनेशियाच्या 23 वर्षांखालच्या संघाने चक्क कोरियाला 2-2 नंतर शूटआउटमध्ये 11-10 ने बाहेर काढलं, मुख्य संघाने सौदी अरेबियाला 2-0 हरवलं. त्यानंतर सात आठवड्यांत, 6 जानेवारी 2025 रोजी, त्यांना काढलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोरियातल्या उल्सान क्लबात नियुक्ती, ऑक्टोबरात बाहेर.

घाबरू नका. पण लायसन्स वेळेवर करा. सी, बी, ए, प्रो ही शिडी एएफसीचीच आहे, महाराष्ट्रात सुरुवातीच्या अभ्यासक्रमांची चौकशी विफाकडे (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) करा. खेळ चालू असतानाच पहिली पायरी चढा, नाहीतर निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षं फुकट जातात. आठवडाभरात लायसन्स मिळवून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. मुलांसमोर सत्र घेऊन दाखवावंच लागतं, तिथे सोंग चालत नाही. आणि करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: मुदतीआधी काढल्यास भरपाई किती, साहाय्यक आणि फिटनेस प्रशिक्षक कोण निवडणार, आणि परप्रांतात किंवा परदेशात असाल तर दुभाष्याचा पगार कोण देणार.