परदेशातली बातमी वाचताना आधी काय बघायचं

बावीस वर्षं मी डेस्कवर परदेशाचं पान लावलं. नवा उपसंपादक आला की त्याला मी बातमीच्याही आधी प्रिंटलाइन, म्हणजे मालक, मुद्रक, प्रकाशक यांची नावं असलेली ओळ, वाचायला लावायचो. हे वृत्तपत्र कुणाचं? आणि ते उद्या बंद पाडायचं ठरलं तर कोण पाडेल, कशाच्या जोरावर? एवढं कळलं की बातमी कुणाच्या धाकाने किंवा कुणासाठी लिहिली आहे ते उमगायला लागतं.

एकपक्षीय राजवटीत शोधाशोध करावी लागत नाही. 'पीपल्स डेली' चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीचं मुखपत्र आहे. सोव्हिएत काळात 'प्रावदा' तसंच होतं. असं पत्र खोटं म्हणून बाजूला टाकू नका. पक्षाला आज काय म्हणायचंय ते तिथेच नेमकं कळतं. नेत्यांची नावं कोणत्या क्रमाने आली, कालचं एखादं नाव आज गळलं का, हे वहीत टिपून ठेवा.

मग घटना कधी घडली आणि बातमी कधी आली, या दोन तारखा शेजारी लिहा. माझ्या मते हीच सगळ्यात खरी कसोटी. सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रातला स्फोट २६ एप्रिल १९८६ ला पहाटे झाला. २८ तारखेला सकाळी हजार किलोमीटरहून लांब, स्वीडनच्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात किरणोत्सार आढळला, आणि त्यानंतर संध्याकाळी 'तास' या सोव्हिएत सरकारी वृत्तसंस्थेचं निवेदन आलं. अपघात झाला, एका अणुभट्टीचं नुकसान झालं, उपाय चालू आहेत, बाधितांना मदत मिळते आहे, आयोग नेमला आहे. संपलं! मृतांचा आकडा नाही, किरणोत्साराचं प्रमाण नाही. याउलट, १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात पहाटे बिघाड झाला, तो त्याच सकाळी स्थानिक रेडिओवर होता. वीज कंपनीने सुरुवातीला धोका कमीच सांगितला, पण पत्रकारांना दुसरीकडे विचारायची मुभा होती.

लोकशाहीत न्यायालयाकडे बघा. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं छापणं अमेरिकी सरकारने थांबवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला.

पण निवडणुका होतात म्हणून निर्धास्त होऊ नका. हंगेरीत 'नेपसाबादशाग' हे सरकारवर टीका करणारं मोठं दैनिक ऑक्टोबर २०१६ मध्ये तोट्याचं कारण देऊन मालक कंपनीनेच बंद केलं. दोन वर्षांनी सरकारधार्जिण्या मालकांनी चारशेहून अधिक माध्यमं एकाच प्रतिष्ठानाला देऊन टाकली. पोलीस आले नाहीत, छापखान्याला टाळं लागलं नाही. म्हणून अशा ठिकाणी मालक कोण, त्याचे दुसरे धंदे कोणते आणि सरकारी जाहिराती कुणाला मिळतात, हे आधी तपासा.

शेवटी, काय छापलेलं नाही ते वाचायला शिका. ब्राझीलच्या लष्करी राजवटीत सेन्सॉरने बातमी कापली की 'ओ इस्तादो दे साओ पाउलो' त्या जागी कवी कामोइंशच्या महाकाव्यातल्या ओळी छापायचं. त्याचंच भावंडपत्र 'जोर्नाल दा तार्दे' पाककृती छापायचं. राजकारणाच्या पानावर असं मेळ नसलेलं काही दिसलं की पान उलटू नका. त्या दिवशी तिथे काय घडलं होतं, ते शेजारच्या देशाच्या पत्रात शोधा.