जर्मनीला एमएसला निघालाय? खान्देशातल्या पोरांसाठी थोडं

ॲडमिशन लेटर आलं की घरात पेढे वाटणं सुरू होतं, पण भो, कागदांची पळापळ त्याच्या कितीतरी आधी करावी लागते. पहिलं एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली मार्कशीट-डिग्री खरी असल्याचा दाखला, 2022 च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडच्या पोरांना बहुतेक त्याच्याशिवाय स्टुडंट व्हिसाच मिळत नाही. मार्कशीट आणि पासपोर्ट शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर ताडून बघा, माझं एका 'ए' पायी अडलं आणि जळगावात भर मे महिन्यात चार चकरा झाल्या.

मग पैसे. ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, ही फी नाही, तुमचेच पैसे, तिकडं गेल्यावर दरमहा 992 हातात येतात. केळीची पट्टी आली की भरू म्हणत बसू नका, लोनचं आधीच बघा, बँकवाले शेताचे कागद मागत बसतात.

बॅगेचं म्हणाल तर आई बिबडे, कळण्याचं पीठ, काळा मसाला दाबून भरणार, भरू द्या. मसाला दोन पिशव्यांत पॅक करा नाहीतर सगळ्या शर्टांना शेवभाजीचा वास. साजूक तूप मात्र काढून ठेवा, दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत, आई रुसली तरी.

आणि हो, खोली घेताना घरमालक पत्ता नोंदवायचा कागद देतो का ते विचारा, राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते.