नाताळची कविता आणि शालीवरची बोटे

डिमेन्शिया झालेल्या माणसाला सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण शाळेत घोकलेली यमकांची कविता बहुधा पुष्कळ काळ जिभेवर राहते. म्हणून त्यांना वाचून दाखवायची कविता निवडताना आपली आवड बाजूला ठेवावी आणि त्यांच्या लहानपणी कानावर काय पडले होते, ते घरच्यांना विचारावे. मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या आजींना ना. वा. टिळकांची भजने अधिक जवळची वाटतील. अमेरिकेत वाढलेल्या आजोबांना मात्र १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय येथील वृत्तपत्रात निनावी छापून आलेली 'अ व्हिजिट फ्रॉम सेंट निकोलस' ही नाताळची इंग्रजी कविता तोंडपाठ असण्याची शक्यता मोठी.

संध्याकाळी अस्वस्थता वाढत असेल, तर दुपारीच बसावे. टीव्ही बंद करावा, चष्मा आणि श्रवणयंत्र लावले आहे ना ते पाहावे आणि एका कागदावर चारच ओळी ठळक, मोठ्या अक्षरांत लिहून घ्याव्यात. या कवितेत दोन हलक्या उच्चारांनंतर एक जड येतो, त्यामुळे ती दौडत जाते; सावकाश वाचावे, पण तो ठेका मोडू नये. शब्द फुटले नाहीत, तरी शालीवर बोटे ताल धरू लागतात, आणि तेवढे पुरे आहे. दुसऱ्या ओळीच्या यमकापाशी क्षणभर थांबावे. शब्द आला तर उत्तम, नाही आला तर आपणच सहज म्हणून पुढे जावे. "आठवतं का?" असे मात्र विचारू नये, कारण ती परीक्षा होते. कवितेत सेंट निकोलसची गाडी ओढणाऱ्या आठ रेनडिअरांपैकी एखाद्याचे नाव चुकले, तरी दुरुस्त करू नये. (पहिल्या छपाईतही शेवटची दोन नावे आजच्याहून वेगळी होती!)

छप्पन्न ओळी एका बैठकीत संपवण्याचा अट्टहास नको. पहिल्या आठ ओळी दोनदा वाचल्या, तरी त्यांना कंटाळा येईलच असे नाही.

नाताळच्या ओळींबरोबर गेलेली माणसेही परत येतात. आजोबांनी "ती कुठे आहे?" असे विचारले, तर मृत्यूची बातमी नव्याने सांगू नये, कागद खाली ठेवून, हात हातात घेऊन, "आजी नाताळला काय करायच्या हो?" असे विचारावे आणि ते जे सांगतील ते ऐकत बसावे.