चांदीचं बक्कल घडवायचं तर आधी नाव लिहायला शिका

चांदीचं आणि कमरेचं नातं आपल्याकडे जुनं. लहान पोराचा करगोटा, नवरीचा कंबरपट्टा. चामडी पट्ट्याला चांदीचं मोठं बक्कल ही हौस मात्र अमेरिकेच्या पश्चिम भागातली. तिथे रोडिओच्या स्पर्धांत, म्हणजे उधळलेल्या घोड्या-बैलावर टिकून राहणाऱ्याला, तळहाताएवढं बक्कल बक्षीस देतात. कडेला कोरलेली वेलबुट्टी आणि मधोमध वेगळ्या पत्र्यातून कापून चढवलेलं नाव. बेळगावात माझ्याकडे पहिल्यांदा असं बक्कल मागायला आला तो बैलगाडी शर्यतवाला. मोबाइलवर फोटो दाखवून म्हणाला, "मामा, असंच करा, पण नाव मराठीत पाहिजे." त्या एका अटीने मला काम शिकवलं, म्हणून सांगायला सुरुवात नावापासूनच करतो.

रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटं. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना एका दोरीला बांधते, त्यामुळे अख्खं नाव एकाच तुकड्यात कापता येतं. कारागिराला याहून मोठी सवलत नाही. अक्षरं वाकडी बसायची भीती नाही, अंतर चुकायची भीती नाही. पण नाव संगणकावरच्या फॉन्टमधून तसंच उचलू नका. बऱ्याच फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात, आणि आपल्या माणसाला ते चटकन खटकतं. 'पाटील' लिहिताना ल दोन वाट्यांचाच हवा. कागदावर हाताने काढा, अक्षराची उंची १५ ते १८ मिमी ठेवा आणि कुठलीही रेघ २ मिमीपेक्षा बारीक नको. बारीक रेघ झाळताना आधी तापते आणि वितळून बसते.

आता 'पाटील'मध्ये बंद पोटं किती ते मोजा. एक प चं, शिरोरेषेखाली. दुसरं दीर्घ वेलांटीचं, शिरोरेषेच्या वर. ही दोन भोकं बाहेरून करवतीने कापता येत नाहीत. आधी १ मिमीचं ड्रिल मारायचं, पातं एका टोकाकडून सोडवून भोकातून ओवायचं, पुन्हा ताणून बसवायचं. नावात अनुस्वार असेल तर ते टिंब सुटंच राहणार. त्याची छोटी टिकली वेगळी कापा आणि डबीत जपा, ती हमखास हरवते.

सीमेवरचं गिऱ्हाईक कधी कधी वर मराठी, खाली कन्नड असं मागतं. कन्नडला शिरोरेषा नाही, 'पाटील'ची तीन अक्षरं तीन सुटे तुकडे होतात आणि टी ची लांबणी बहुतेक वळणांत आणखी निराळी. अशा वेळी पाटीवर, म्हणजे बकलाच्या खालच्या मुख्य पत्र्यावर, सुईने बारीक रेघ ओढून त्यावर तुकडे मांडायचे. पहिल्याच बकलात हा उद्योग करू नका.

पत्रा ९२५ चा घ्या. त्यात साडेसात टक्के तांबं असतं, म्हणून तो शुद्ध चांदीपेक्षा कणखर आणि पट्ट्याच्या ओढीला टिकणारा. पाटीसाठी जाडी १.२ मिमी, नावासाठी ०.८. लंबगोल पाटी ८० बाय ५५ मिमीची धरली तर तिचंच वजन ४३ ग्रॅमच्या आसपास भरतं. नाव, पट्टा ओवायची कडी, पट्ट्याच्या भोकात अडकवायचा आकडा आणि कापताना जाणारा चुरा वेगळा. चांदीच्या भावाने हे वजन गुणून बघा आणि पहिलं बक्कल पितळेच्या पत्र्यावर करा. खर्च वाचतो. चुरा मात्र झाडून ठेवायचाच, मांडीवर चामड्याची झोळी बांधून बसायची पद्धत उगीच पडलेली नाही.

कागद पत्र्यावर चिकटवा आणि ३/० नंबरच्या पात्याने कापा. दात खाली, मुठीकडे. पात्याला मेण लावा, करवत सरळ उभी चालवा, वळणावर करवत न वळवता पत्रा वळवा. पाती तुटणार, डझनभर जवळ असू द्या. कडा कानशीने साफ करा, पण वरची धार गोल करू नका. ती धारदार राहिली तरच नाव पाटीवरून उठून दिसतं.

झाळकाम हा खरा कस. सांधायचा धातू, म्हणजे डाख, दोन प्रकारचा आणा: उशिरा वितळणारा आणि लवकर वितळणारा. नाव पहिल्याने, पाठीमागची कडी दुसऱ्याने. उलट केलंत तर कडी झाळताना नाव घसरतं. कॅडमियम नसलेलाच डाख मागून घ्या, कॅडमियमचा धूर फुप्फुसांना घातक असतो. खिडकी उघडी ठेवा, चष्मा लावा, अंगात नायलॉनचं काही नको.

नाव उलटं ठेवून पाठीवर सवागीचा, म्हणजे टाकणखाराचा, लेप द्या, डाखाचे बारीक तुकडे पसरा आणि वितळवून पातळ थर बसवा. थर कानशीने सपाट करा. मग नाव सुलटं करून पाटीवर मांडा. कच्ची सवागी तापली की फुगते आणि अक्षराला उचलून बाजूला सारते, म्हणून तव्यावर लाही करून घेतलेली सवागी वापरा. गॅसची ज्योत नावावर रोखायची नाही. पाटी जाळीवर ठेवून खालून, सगळीकडून सारखी तापवा. पाटी मंद लाल झाली की डाख धावतो आणि अक्षराच्या कडेने चांदीची चकचकीत रेघ उमटते. ती रेघ शिरोरेषेच्या दोन्ही टोकांना दिसली की ज्योत लगेच काढा. टोकं उचलायची सवय असते, तिथे तारेने हलकेच दाबा.

माझ्या पहिल्या बकलात मी डाख सढळ हाताने घातला. वेलांटीचं पोट काठोकाठ भरलं. 'पाटील' वाचता येत होतं, पण डोक्यावर गाठोडं घेतल्यासारखं दिसत होतं. बारीक छिन्नीने ते उकरायला नाव कापायला लागला त्याच्या दुप्पट वेळ गेला.

झाळल्यावर थोडं थंड होऊ द्या आणि कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून त्यात टाका. काळेपणा उतरतो. त्यात लोखंडी चिमटा कधीही बुडवू नका, चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो.

आता पाटीला कमरेचा बाक द्यायचा. खोलगट लाकडी ठोकळ्यावर, नावाखाली चामडं घालून, लाकडी हातोडीने हळूहळू. कुठे सांधा कच्चा असेल तर तो याच वेळी 'टिक' असा बोलतो. बोलला तर परत झाळा. मग पाठीमागे एका टोकाला ३ मिमी तारेची कडी आणि दुसऱ्या टोकाला आकडा. साधा पट्टा ३८ मिमी रुंद असतो, कडीचं आतलं माप ४० ठेवा.

कोरीव काम सगळ्यात शेवटी, कारण आधी कोरलेल्या रेघांत डाख शिरतो. बक्कल धरायला राळ आणि विटेची पूड मिसळून ठोकळ्यावर ओता. कडी-आकडा त्यात रुततात आणि पाटी हलत नाही. कोरणी विकत मिळते, पण बेळगावकरांनी उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत चक्कर मारावी. लेथवाल्याकडच्या एचएसएस (हायस्पीड स्टील) बिटचा तुकडा ग्राइंडरवर ४५ अंशांत घासला की उत्तम कोरणी होते, फक्त घासताना पाण्यात बुडवत राहा. मूठ तळव्यात, अंगठा पाटीवर टेकलेला. कोरणी ढकलायची ती तळव्याने, आणि वेल वळवायची तर कोरणी स्थिर ठेवून ठोकळा फिरवायचा. पहिले चार दिवस नुसत्या समांतर रेघा मारा. सपाट तोंडाची कोरणी डावी-उजवी डोलवत पुढे नेली की नागमोडी किनार आपोआप उमटते. नवख्याच्या हातालाही ती साधते आणि दिसायला भारी असते. वेल नावाला चिकटवू नका, भोवती बोटभर जागा मोकळी सोडा. बरेच जण रिकामी जागा बघून घाबरतात आणि फुलं भरत सुटतात.

राळेतून काढायला किंचित ऊब द्या. पाटी ऑक्सिडाइज करून काळी करा, मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त वरचा भाग पुसा. खोलात काळं राहतं, नाव पांढरं उठतं. शेवटी रिठ्याचं पाणी आणि पितळी तारांचा ब्रश.

गिऱ्हाइकाला देताना मऊ सुती कापडात गुंडाळा. रबर बँड लावू नका. रबरातल्या गंधकाने रातोरात नाही, पण महिन्याभरात नावावरून आडवा काळा पट्टा उमटतो, आणि माणूस दुकानात येऊन चांदीच खोटी म्हणतो.