नाचरी माशी: नाच सोडा, आधी मान बघा

पावसाळा सरला की खानापुरात मलप्रभेच्या काठाला संध्याकाळी बारीक किड्यांचे घोळकेच्या घोळके नाचत असतात. पोरं लगेच ओरडतात, "काका, नाचरी माशी!" अरे, नाचायला काय, डास नाचतात, चिलटंही नाचतात. नाचावर भरवसा ठेवू नका.

माझा धंदा घड्याळ दुरुस्तीचा, म्हणून डोळ्यात अडकवायचं भिंग खिशात असतंच. दहापट मोठं दाखवणारं कुठलंही चालेल. जांबोटीकडे ओढ्याकाठच्या सावलीत पानावर बसलेली माशी बघायची, वरून पारदर्शक डबी ठेवायची आणि खालून जाड कागद सरकवायचा.

पंखांची एकच जोडी, मागे दांडीवरच्या दोन बारीक गाठी, एवढं डासालाही असतं. पण पंखांच्या शिरांवर खवले दिसले तर तो डास. मिशा लांब, पुष्कळ पेरांच्या असतील तर चिलट. नाचऱ्या माशीच्या मिशा आखूड, शेवटच्या पेराच्या टोकाला काटा.

आता डबी आडवी धरा. खरी ओळख इथे पटते. डोकं लहान, वाटोळं. मान इतकी बारीक की डोकं आत्ता गळून पडेल असं वाटतं. छातीला कुबड, पोट लांबोळकं. नाचऱ्या माश्यांतल्या एम्पिस या गटात सोंड कडक, सेकंदकाट्यासारखी बारीक, खाली नाहीतर मागे वळलेली. कुबड आहे पण सोंड समोर रोखलेली आणि मागच्या मांड्या जाडजूड? मग ती हायबॉस; तिचं कूळ आता वेगळं मानतात. दोन डोळ्यांच्या मधे खळगा आणि तोंडावर राठ दाढी असली तर दरोडेखोर माशी समजा.

नराच्या पोटाचं टोक बोजड, मादीचं निमुळतं. हिलारा गटातल्या नराच्या पुढच्या पायाचं एक पेर फुगलेलं असतं. त्यात रेशमाच्या ग्रंथी. मादीला द्यायची शिकार तो त्या रेशमात गुंडाळतो. काही जातींत आत काहीच नसतं, नुसतं पाकीट! आहेराची ही तऱ्हा आपल्याकडेही आहे म्हणा.

फोटो दोन काढा: एक बाजूने, एक पसरलेल्या पंखाचा. पंखाच्या टोकाजवळ एका शिरेला फाटा फुटलेला दिसला तर बहुधा एम्पिस. तीच शीर सरळ गेली तर बहुधा रॅम्फोमायिया, हा नाचऱ्या माश्यांचाच दुसरा गट. डबी उन्हात ठेवू नका, माशी लगेच मरते.